दोन फेऱ्यांत माडीवर जाईल एवढीच बेगमी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीत कर्नाळ रोडला तळमजल्यावर भाड्याचं घर, घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. टीव्हीवर युद्धाच्या नि टंचाईच्या बातम्या बघून मिस्टर म्हणतात सहा महिन्यांचा किराणा एकदम भरून टाकू. सासूबाई म्हणतात पूर्वीसारखी वर्षाची बेगमी करा, पत्र्याची क्विंटलभराची कोठी पडूनच आहे. आणि तुम्ही विचारलंय की नक्की किती भरावं, नि कीड न लागता ते टिकवावं कसं.

मी गणपती पेठेत घरच्या भुसार दुकानात तीस वर्षांहून जास्त बसते आहे. माहेर आटपाडीचं. त्यामुळं दुष्काळातली बेगमीही पाहिली आणि पुरातलीही. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तुमच्या घरातला वाद नेमका तिथंच अडकलाय असं मला वाटतं.

आधी टंचाई म्हणजे काय ते ठरवू. माझ्या इतक्या वर्षांत सांगलीच्या बाजारात धान्यच नाही असं एकदाही झालेलं नाही. 2005 चा पूर, 2019 चा पूर, 2020 चं लॉकडाऊन, 2021 चा पूर, प्रत्येक वेळी धान्य होतं. दुकान ते घर हा रस्ता बंद झाला होता. लॉकडाऊनमध्ये आमच्या दुकानात सुरुवातीचे आठ-दहा दिवस ओढाताण झाली. हमाल येईनात, गाड्या अडकल्या. मग गाडी रुळावर आली. पुरात आठ दिवस पाणी, त्यानंतर चिखल काढून दुकानं उघडेपर्यंत आणखी आठ. म्हणजे तुमच्या पत्त्यावर खरी निकड पंधरा दिवसांची आहे. महिन्याची सोय असली की उत्तम. सहा महिन्यांचा साठा कर्नाळ रोडच्या तळमजल्यावर ठेवणं मला धोक्याचं वाटतं, आणि तो धोका टंचाईपेक्षा मोठा आहे.

हेच तुम्ही आटपाडी, जत किंवा माण-खटावकडच्या असता तर मी उलट सांगितलं असतं. तिथं भीती एका पावसाळ्याची नसते, पीकच न येण्याची असते. 1972 च्या दुष्काळात मी लहान होते. रेशनला अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा, लालसर ज्वारी. तिची भाकरी थापताना आईच्या हातात तुटायची ते अजून डोळ्यासमोर आहे. पण आमच्या घरी बळदात, म्हणजे घरातल्या धान्याच्या कोठारात, आदल्या सुगीची शाळू (रब्बी ज्वारी) थोडी शिल्लक होती. आई ती रोज ओंजळीनं मोजून काढायची आणि मिलोत मिसळून दळायची. त्या ओंजळभर शाळूनं पीठ चिकट व्हायचं नि भाकरी धरायची. सासूबाईंच्या मनातली वर्षाची बेगमी ही अशा दिवसांतून आलेली आहे. त्यांचं चुकीचं नाही. जागा बदलली आहे, एवढंच.

आता 2019 चं सांगते. आमचं घर तेव्हा दुकानाच्या मागच्या बोळात, खाली स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 ला धोका. 2005 ला ते साधारण 54 फुटांपर्यंत गेलं होतं, तेव्हा आमच्या उंबऱ्याशी थांबलं होतं. म्हणून 2019 ला आम्ही निर्धास्त होतो. त्या वर्षी ते 57 फुटांच्या वर गेलं. सामान हलवायचं ठरलं तेव्हा पायरीला पाणी लागलं होतं. घरात दोन कोठ्या होत्या, एकीत गहू, एकीत शाळू, दोन्ही मे महिन्यात गच्च भरलेल्या. कोठीचा खालचा गहू काढायच्या खिडकीपर्यंत पाणी आलं तेव्हा आम्ही घमेल्यानं उपसत होतो. दोघांनी मिळून फार तर पंचवीस किलो वर नेला असेल. मग लाइट गेली.

पाणी उतरल्यावर खाली आले तर गव्हाच्या कोठीचा पत्रा पोटाशी फुगून सांधा उसवला होता. भिजलेलं धान्य फुगतं तेव्हा त्याला अडवणारं काही टिकत नाही. दुकानात पोत्यांच्या शिवणी फाटल्या होत्या. कोठीतून आंबूस वाफ येत होती आणि वरच्या थरात बोटभर कोंब आले होते. पेठेत दुकानादुकानापुढं सडक्या धान्याचे ढीग, तो वास महिनाभर कपड्यांतून गेला नाही. असं धान्य वाळवून जनावरांना घालू नका, हेही इथंच सांगते. बुरशी धरलेलं धान्य जनावरालाही विषच.

त्याच घरात एक वस्तू वाचली. आटे असलेल्या झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम, आत पंधरा-सोळा किलो इंद्रायणी तांदूळ. तो जिन्याच्या कठड्यात अडकून वर छताजवळ तरंगत राहिला होता. झाकण उघडलं तर तांदूळ कोरडा. नंतर मी विचार केला की हे झालं कसं. तांदूळ लिटरच्या मापात आठशे-साडेआठशे ग्रॅमच बसतो, गहू त्याहून थोडा कमी. म्हणजे गच्च भरलेला ड्रमसुद्धा पाण्यापेक्षा हलका, तो तरंगणारच. फक्त झाकणातून पाणी आत जाता कामा नये. पत्र्याच्या कोठीला खाली खिडकी, वर सैल झाकण, ती भरते आणि बसते. त्या दिवसापासून माझ्या घरातून कोठी गेली आणि ड्रम आले.

म्हणून तुमच्या घराला माझं माप असं आहे: बेगमी तेवढीच, जेवढी तुम्ही दोघं अर्ध्या तासात, लाइट नसताना, दोन-तीन फेऱ्यांत माडीवर किंवा गच्चीवर नेऊ शकाल. पंधरा लिटरच्या ड्रममध्ये बारा किलो तांदूळ मावतो. बारा किलो बाईमाणूस एका हातात धरून जिना चढू शकतं, दुसरा हात कठड्याला मोकळा राहतो. पंचवीस किलोचा कट्टा घेऊन ओल्या जिन्यावर चढायला हमालच लागतो.

आकड्यांचा हिशेब करू. घरी बसून काम करणारा मोठा माणूस दिवसाला साधारण 300 ते 350 ग्रॅम धान्य खातो, अंगमेहनतीचा जास्त. तुमच्या पाच जणांना, मुलं लहान धरून, दिवसाला दीड किलो धान्य आणि पाव ते तीनशे ग्रॅम डाळ-कडधान्य पुरतं. पंधरा दिवसांचे झाले साधारण 22 किलो धान्य, 4 किलो डाळी, 2 लिटर तेल, दीड-दोन किलो साखर-गूळ, किलोभर मीठ. हे तीन ड्रम आणि एका पिशवीत बसतं. हा तुमचा पुराचा साठा, याला जून ते सप्टेंबर हात लागला तरी त्याच आठवड्यात परत भरायचा. याखेरीज नेहमीचा महिन्याचा किराणा घरात असतोच. दोन्ही मिळून महिना-दीड महिना निघतो. मिस्टर शांत होतील अशी आशा आहे. मुलांची भूक, घरी येणारे-जाणारे, डबे, यावर हे कमी-जास्त होईल. एक महिना रोज शिधा काढताना वाटी मोजून वहीत लिहा, माझ्या आकड्यापेक्षा तुमचा आकडा खरा.

आता धान्य कोणतं, यात माझ्या अनुभवाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. पुरात लाइट जाते, आणि लाइट गेली की गिरणी बंद. 2019 ला आमच्या ओळखीच्या एका घरात वरच्या मजल्यावर साठ किलो गहू सुरक्षित होता आणि माणसं पाच दिवस भातावर होती. जातं आता कुणाकडं आहे? म्हणून पुराच्या साठ्यात गहू-ज्वारी कमी आणि न दळता शिजणारं जास्त ठेवा. बारा किलो तांदूळ, मूगडाळ नि तूरडाळ, पोहे, भाजून ठेवलेला रवा, पाच किलो पीठ. मूगडाळ मुद्दाम सांगते, ती लवकर शिजते, गॅस वाचतो. आणि पाणी! नळ बंद होतो, चहूकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी गत असते. पाच जणांना पिण्या-रांधण्याला दिवसाला पंधरा-वीस लिटर लागतं. इशारा आला की पहिल्यांदा कळश्या, जार, कुकर, जे मिळेल ते भरून वर न्यायचं. त्या दिवसांत चिरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ नि भडंग हे पाणी न लागणारं खाणं. सांगलीकराला भडंगाचं वेगळं काय सांगायचं, पण घट्ट डब्यात ते महिनाभर कुरकुरीत राहतं आणि मुलं आनंदानं खातात. कांदा-लसणाची चटणी उन्हाळ्यात डंकावर कुटून आणता ती अर्धा किलो बरणीत वर ठेवा. नुसत्या भातावर तेल-चटणी घातली तरी चार दिवस तोंडाला चव राहते.

पीठ मात्र जास्त भरू नका. धान्य अख्खं असतं तोवर जिवंत असतं, टिकतं. दळलं की तेल उघडं पडतं आणि खवट होतं. बाजरीचं पीठ आठवडाभरात कडू लागतं, ज्वारीचं दोन-तीन आठवडे, गव्हाचं पावसाळ्यात महिनाभर. मार्च 2020 मध्ये एका गिऱ्हाइकानं माझं न ऐकता चाळीस किलो पीठ, दहा किलो रवा नि मैदा नेला. जूनमध्ये डबा घेऊन आले, आत कोळ्यासारखी जाळी आणि पांढऱ्या अळ्या. सगळं टाकावं लागलं. त्यांच्याच गल्लीत त्याच आठवड्यात कुणाला रवा मिळत नव्हता, हे मला जास्त लागलं होतं.

कीड कशी थांबवायची ते नीट सांगते, कारण इथं घराघरात चुका होतात.

कीड बाहेरून येते असं आपल्याला वाटतं. खरं तर बहुतेक वेळा ती धान्याबरोबरच घरात येते. कडधान्याचा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. तांदूळ-गव्हाच्या सोंडकिड्याची अंडी दाण्याच्या आत असतात, वरून दिसत नाहीत. त्यांना वाढायला तीन गोष्टी लागतात: ओल, ऊब आणि हवा. यातली एक तोडली तरी काम होतं, दोन तोडल्या तर वर्षभर काळजी नाही.

ओल पहिली. गव्हाचा दाणा दाताखाली कट्ट वाजून तुटला पाहिजे. दबला तर ओला. अजून एक खात्रीचा उपाय आहे. कोरडी काचेची बरणी घ्या, त्यात पाव बरणी धान्य नि दोन चमचे कोरडं, मोकळं मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा, मग दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात ओल जास्त आहे, साठवू नका. हे बरसातीत करू नका, हवेतलीच ओल मिठाला लागते.

ऊन एप्रिल-मेचं, पातळ थर, दोन-तीन दिवस, दुपारी एकदा हात फिरवून. पण संध्याकाळी गरमागरम धान्य तसंच डब्यात भरलं तर आतल्या आत घाम सुटतो आणि तळाला गठ्ठा होतो. रात्रभर चादरीखाली निवू द्या, सकाळी भरा. तांदळाला कडक ऊन देऊ नका, तडकतो, मग शिजताना कणी होते. तांदूळ सावलीत पसरायचा.

हवा तोडण्याची गोष्ट आपल्या सांगलीइतकी कुणाला माहीत नसेल. हरिपूरची हळदीची पेवं बघितली असतील. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, तोंड मातीनं बंद. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं राहते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आतली हवा माणसालाही जगू देत नाही. घरचा ड्रम हे छोटं पेवच. काठोकाठ भरा, झाकण आवळा, आणि सहज उघडून बघू नका. आत चुकून राहिलेले किडे उरलेली हवा संपवून मरतात. म्हणूनच क्विंटलची एक कोठी रोज उघडण्यापेक्षा आठ लहान ड्रम बरे. सात बंद, एक चालू. त्या पेवांनाही 2005 च्या पुरानं गाठलं, पाणी आत शिरून कितीतरी हळद गेली, हेही लक्षात ठेवा. हवा अडवणारी जागा पाणी अडवेलच असं नाही.

तूरडाळ, हरभरा, मटकी, हुलगा यांना एरंडेल चोळा. दहा किलोला दोन-तीन मोठे चमचे, हाताला किंचित चिकट लागेल इतकंच. त्यानं भुंग्याला अंडी चिकटवता येत नाहीत आणि असलेल्या अंड्यांना हवा मिळत नाही. शिजवताना गरम पाण्यानं धुतलं की निघून जातं. गव्हालाही चालतं. कडुनिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळलेला असेल तरच घाला. हिरवा पाला घालून आपणच ओल आत सोडतो, ही चूक मी दर उन्हाळ्यात बघते. रवा, बेसन, मैदा यांची पुडी आणल्या आणल्या चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवली तर अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पुडी बंदच ठेवून आधी नेहमीच्या तापमानाला येऊ द्या.

आता एक गोष्ट हात जोडून सांगते. धुरीच्या गोळ्या, ज्या गोदामात पोत्यांच्या थप्पीला ताडपत्रीखाली लावतात, त्या कुणी ओळखीनं दिल्या तरी घरात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं ते. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. अशा गोळीनं झोपेतच माणसं गेल्याच्या बातम्या अजूनही येतात. कायद्यानंही ती घरगुती वापरासाठी विकता येत नाही. पाऱ्याच्या टिकड्यांनाही माझा नकारच. त्या फुटतात, पोरं खेळायला घेतात. बोरिक पावडर पुष्कळ घरांत तांदळाला लावतात. लहान मुलं असलेल्या घरात मी ती सांगत नाही. कोरडा तांदूळ आणि घट्ट ड्रम असला तर तिची गरजच पडत नाही.

बाकीचं थोडक्यात. गूळ पावसाळ्यात पाझरतो, मेणकागदात गुंडाळून डब्यात. शेंगदाण्याला बुरशीचा वास आला किंवा दाणा काळपट-हिरवट दिसला तर भाजून खपवू नका, टाका. त्या बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही. घाण्याचं तेल दोन महिन्यांपुरतंच. प्रत्येक ड्रमवर भरल्याची तारीख लिहा आणि जुनं आधी काढा; दुकानात हीच शिस्त नसेल तर आम्ही वर्षात बुडू. आणि पावसाळ्याआधी दुसरा सिलिंडर भरून ठेवा. तोही वर न्यावा लागेल हे फेऱ्या मोजताना धरा.

मिस्टरांना अजून एक सांगा. सरकार साठ्यावर मर्यादा घालतं ती व्यापाऱ्यांवर. जून 2023 मध्ये गव्हावर घातली तेव्हा किरकोळ दुकानदाराला 10 टनांची होती. घरच्या बेगमीला त्याचा जाच नाही. तरी बातमी ऐकून त्याच दिवशी सहा महिन्यांचं नेऊ नका. अशा दिवशी भाव चढा असतो, माल निवडून घ्यायला वेळ नसतो, आणि रोजंदारीवाली बाई किलोभर तांदळाला आली की आम्हाला तिला नाही म्हणावं लागतं. मार्चनंतर शाळू, एप्रिल-मेत गहू, नवी तूर आल्यावर डाळ असं शांतपणे घ्या.

राहिली सासूबाईंची कोठी. ती मोडीत देऊ नका, त्यांना लागेल. विश्रामबागेकडं किंवा उंचावर तुमचं कुणी नात्यातलं असेल तर कोठी तिथं ठेवा, मे महिन्यात तुमच्या घरचा गहू त्यात भरा, आणि दर महिन्याला आठ किलो घरी आणा. सासूबाईंची वर्षाची बेगमी होईल आणि तुमच्या तळमजल्यावर उचलण्यापुरतंच राहील. तसं कुणी नसेल तर यंदा क्विंटलचा हट्ट सोडा म्हणून त्यांना मी सांगितलंय असं सांगा.

ड्रम आणायला जाल तेव्हा झाकण बघून घ्या. आत रबराची कडी हवी, आटे पूर्ण बसले पाहिजेत. घरी आणल्यावर धान्य भरण्याआधी तो पाण्यानं भरा, झाकण आवळा आणि रात्रभर मोरीत उलटा ठेवा. सकाळी खाली ओल दिसली तर परत करा. कोरडा निघाला तर पुसून एक दिवस उन्हात ठेवा आणि तांदूळ भरा. कानाला दोरी बांधायला विसरू नका, पाणी आलंच तर तो जिन्याला अडकवता येईल.